अक्काची भीती आणि माठाचं बूड

भूतकाळाच्या शोधात निघणाऱ्यानं भीती घरी ठेवून निघावं. हे वाक्य मी बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेत इतिहास शिकवताना दर वर्षी पहिल्या तासाला म्हणत असे, आणि मुली ते वहीत लाल शाईनं लिहून घेत. एका वर्षी ते व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवूनही झालं. तेहतीस वर्षं हे वाक्य म्हणणारी बाई त्या काळात भूतकाळाच्या शोधात शाळेच्या फाटकाबाहेर एकदाही गेली नव्हती. मुलींनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. मुली भल्या होत्या.

निवृत्तीनंतर मी खरोखरच निघाले, आणि ज्या बाईनं मला निघायला शिकवलं ती भीती घरी ठेवत नाही. ती बरोबर घेते. गमबूट घालताना घेते, काठी उचलताना घेते, आणि नाल्यात उतरल्यावर दर दहा पावलांना ती जागेवर आहे ना हे तपासते. ही बाई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही म्हणते. निंबोल्याच्या बाजूला त्यांची केळी आहे, थोडा कापूस आहे, आणि शेताच्या कडेनं सातपुड्यातून उतरणारा एक नाला आहे. तिचं वय आधार कार्डावर एक आहे आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे दुसरं. दोन्ही साठीच्या पुढची आहेत.

अक्का नाल्यातून खापरं गोळा करते. पाऊस संपून पाणी उतरलं की काठाच्या मातीतून जुन्या वस्तू उघड्या पडतात. निळ्या झिलईचे तुकडे, चिलमीचं तोंड, बांगड्यांच्या काचा, क्वचित एखादा अकीकाचा मणी. बुऱ्हाणपूरच्या आसपास मोठमोठे लोक राहून गेले, आणि मोठ्या लोकांच्या घरीही भांडी फुटायचीच. अक्काला मोठ्या लोकांचं काही नाही. ती म्हणते, "कोनीतरी भांडे घासून वाळत घातले आन् नेयाले इसरलं."

ती खणत नाही. जमिनीवर आलेलं तेवढंच उचलते. मला ते पाहून फार बरं वाटलं आणि मी तिला जुन्या वस्तूंबद्दलचा कायदा समजावून सांगायला लागले. तिनं निम्म्यातच थांबवलं.

"कायदा असू दे व. खणलं तं कोनाचं ना कोनाचं घर मोडते. आन् घर मोडलं की कोनीबी चावते."

मध्ये एकदा आमच्या भागात शेतांतून सोन्याची नाणी निघतात अशी आवई उठली होती. माणसं फावडी घेऊन आली आणि खड्डे करून गेली. नाणी कुणाला मिळाली ते कळलं नाही. खड्डे राहिले, आणि त्यांत राहायला कोण कोण आलं ते अक्काला माहीत आहे. त्या खड्ड्यांना ती अजून वळसा घालते.

पहिल्या दिवशी मी तयार होऊन तिच्याकडे गेले, तर तिनं मला ओट्यावरच उभं केलं आणि माझ्या मानेशी नाक आणून हुंगलं.

"काय लावलं व हे?"

"पावडर, अक्का. चंदनाची."

"जाय, धुऊन ये. वरते उंबरावर आग्या माशा हायेत. त्यांले वाटीन तू फूल हायेस."

"या वयात?"

"माशीले काय दिसते!"

मी मान धुऊन आले. मग तिनं माझ्या चपलांकडे पाहिलं आणि घरातून आपल्या मेलेल्या सासऱ्यांचे गमबूट आणले. बूट उलटे करून जमिनीवर तीनदा आपटले, आत काठी फिरवली आणि मग माझ्या हातात दिले. ते मला दोन अंगुळं मोठे होतात. अजून तेच घालते.

नाल्यात उतरायचं ते सकाळी आठनंतर, आणि दुपारी साडेचारला वर यायचं. त्याआधीचा आणि नंतरचा वेळ आपला नाही असं ती म्हणते, आणि दुकानाच्या वेळेबद्दल बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणते. दगड उलटायचा तर पलीकडची कड धरून आपल्याकडे उलटायचा, म्हणजे खाली जो कुणी असेल त्याच्या आणि आपल्या पायांच्या मध्ये दगड राहतो. पाहून झालं की दगड होता तसा ठेवायचा. पडलेला ओंडका ओलांडायचा नाही. त्यावर चढायचं, पलीकडे पाहायचं, मग उतरायचं. यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते हे सगळं अकराशेव्या वेळीही तितक्याच मन लावून करणं, आणि ते मी अक्काशिवाय कुणाला करताना पाहिलेलं नाही.

आणि बोलत राहायचं. रानडुक्कर बहुतेकदा दचकून अंगावर येतं. लांबून आवाज आला तर ते आपल्या वाटेनं जातं. अक्का स्वतः केळीच्या रोपांना, गुरांना, पांदीतल्या काट्यांना उद्देशून अखंड काही ना काही बोलत असते. मला एकटीनं मोठ्यानं काय बोलावं सुचेना. शेवटी जे पाठ होतं तेच सुरू केलं: दख्खनच्या सुभ्याची प्रशासनव्यवस्था. महसुलाच्या पद्धतीपर्यंत आले असेन, तेवढ्यात वळणापलीकडच्या झुडपांत खसफस झाली आणि एक डुकरीण चार पिल्लं घेऊन घाईघाईनं समोरचा काठ चढून निघून गेली.

अक्का तिच्याकडे पाहत राहिली.

"तुह्या शाळेतल्या पोरींचे लय हाल झाले असतीन," ती म्हणाली. "त्यांले तं काठबी नव्हता चढाले."

त्या पहिल्याच हिवाळ्यात मी चूक केली. काठातल्या एका भोकात निळ्या झिलईचा तुकडा चमकत होता, जेमतेम वीतभर आत. इतका सुंदर निळा मी संग्रहालयाच्या काचेआडच पाहिला होता. मी हात घातला. घातला म्हणजे घालणार होते; मनगटावर काठीचा असा तडाखा बसला की डोळ्यांत पाणी आलं. मी शाळेत मुलींना मारलेल्या सगळ्या पट्ट्यांची एकत्र परतफेड झाली.

"आधी डोळा, मंग काठी, मंग हात," अक्का ओरडली. "कितीदा सांगू व मास्तरीण?"

तिनं काठीनं भोकाच्या कडेवर टकटक केलं आणि आम्ही थांबलो. बऱ्याच वेळानं आतून एक खेकडा आला, आमच्याकडे पाहून वैतागला आणि परत आत गेला.

"खेकडा होता," मी मनगट चोळत म्हणाले.

"हाव. ते तुले आता समजलं."

तिचा हिशेब कायम असा असतो. जे कळायच्या आधी करावं लागतं त्याची किंमत कळल्यानंतर लावायची नाही. दोन वर्षांपूर्वी नाल्याच्या वरच्या अंगाला, केळीच्या बागेला लागून, बिबट्याच्या मादीनं पिल्लं घातली. अक्कानं तो सगळा भाग वर्षभरासाठी सोडून दिला. वनखात्याला कळवलं, मजुरांना कळवलं, डुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणाला बांधलेल्या जुन्या साड्यांच्या बाहेर कुणी पाऊल टाकायचं नाही असं बजावलं, आणि स्वतः खालच्या अंगालाच फिरली. नेमक्या त्याच वर्षी पुरानं वरचा काठ उघडा केला होता. मी हळहळले. ती म्हणाली, "तिचं होऊ दे आधी. आपले खापरं काय सडत नाईत."

आता माठाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यासाठी झालं.

नाल्याच्या एका वळणावर, करंजाच्या झाडाखाली, अक्काला एकाच भांड्याचे तुकडे सापडत होते. एका पावसाळ्यानंतर दोन, पुढच्या वर्षी एकही नाही, मग एकदम पाच. अशी अकरा वर्षं. लाल मातीचं, खांद्यावर दोन काळे पट्टे, पट्ट्यांच्या मध्ये नागमोडी रेघ. तिनं ते आधी मैद्याच्या खळीनं जोडलं; ती खळ मुंग्यांनी खाल्ली. मग सुताराच्या पांढऱ्या गोंदानं जोडलं. तोंड झालं, गळा झाला, पोट झालं. बूड मिळालं नाही. फुटकं भांडं घरात नको असं आधी तिच्या सासूचं मत होतं आणि आता सुनेचं आहे, एवढ्या एका बाबतीत त्या घराची परंपरा अखंड आहे. म्हणून माठ विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, खताच्या पोत्याशेजारी, तोंडावर पालथा ठेवलेला असे.

मला त्या माठाचा काळ ठरवायचा होता. राजवाड्यातून आला असेल, एखाद्या विधीचा असेल, असं मी तिला सांगत असे. अक्काला फक्त तो सरळ उभा करायचा होता.

"अकरा वर्सं झाले, तोंडावर पडेल हाये बिचारं," ती म्हणे. "एकदा त्याले आपल्या बुडावर पाहाचं हाये मले. बस."

या मे महिन्यात पंचायतीनं नाला खोल करायला काढला. काम चांगलं होतं. पाणी मुरलं तर विहिरींना येतं, आणि केळीला पाणी लागतं हे अक्काइतकं कुणाला माहीत असणार! तिनं स्वतः त्या कामाच्या बाजूनं हात वर केला होता. पण जेसीबी वरून सुरू होणार होता, आणि वरून पहिलंच वळण आमचं होतं.

मी अर्ज लिहिला. आमच्याकडे अर्ज हिंदीत लिहावा लागतो आणि माझी अर्जातली हिंदी माझ्या बोलण्यातल्या हिंदीपेक्षा फार उंच आहे. मी त्या वळणाला 'मध्यकालीन वैभव का मूक साक्षी' म्हटलं, 'भावी पीढ़ियों' वगैरे घातलं आणि तीन प्रती तीन कचेऱ्यांत दिल्या. तिन्ही ठिकाणी आवकचा शिक्का मिळाला. एका ठिकाणाहून फोनही आला: मॅडम, स्मारकाचा फोटो लावलेला नाही. मी माठाचा फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, इमारत कुठे आहे?

मशीन यायच्या आदल्या दिवशी आम्ही वळणावर शेवटचा फेरा मारायला गेलो. करंजाच्या मुळाखाली साळिंदरानं सोडलेलं एक जुनं बीळ आहे. त्याच्या तोंडाशी माती घसरली होती आणि त्या मातीत तळहाताएवढी, जाड, लाल, गोल कड दिसत होती: माठाचं बूड. मी काही न बोलता पाऊल उचललं. अक्कानं मागून पदर धरला.

"पाह्य आधी."

मी पाहिलं. बूड, मूळ, वाळलेली पानं. परत पाहिलं, तेव्हा त्या पानांतली काही पानं एका ओळीत आहेत असं वाटलं. तपकिरी, काळ्या किनारीची, साखळीसारखी एकामागे एक. घोणस होती. अक्का तिला परड म्हणते. तुकड्यापासून वीतभर अंतरावर वेटोळं घालून पडली होती, आणि मी ज्या जागी पाय ठेवणार होते तिथून हातभर.

आम्ही मागे सरकलो. पाठ न फिरवता, सावकाश, मी सासऱ्यांच्या बुटांत. दोन बांबूंएवढं अंतर पडल्यावर अक्कानं फोन काढला, कॅमेरा मोठा करून तिचं डोकं पाहिलं आणि मला दाखवलं. डोळे दुधाळ, निळसर झाले होते.

"कात टाकाची हाये. सध्या आंधळी हाये," ती कुजबुजली. "आंधळं जनावर जास्त भिते. भिते ते आधी चावते."

"मग सर्पमित्राला बोलवू या. बुऱ्हाणपूरहून तासात येईल."

अक्कानं फोन ठेवून दिला. मग म्हणाली, "तो नेईन तिले. मंग मशीन सकाळीच अठी येईन."

मी तिच्याकडे पाहिलं. तीन कचेऱ्यांना न पटलेली गोष्ट आता घोणशीकडून पटवायची हे तिनं ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मशीनच्या आधी तिथं हजर होती. जेसीबीवाला खरगोनकडचा, दांडग्या मिशांचा माणूस होता. अक्कानं त्याला हात केला.

"भैया, उधर एक जनी बैठी है. देख के आ."

"कौन, अम्माजी?"

"देख तो सही. दूर से."

तो केबिनमध्ये उभा राहून वाकला, पाहिलं आणि खाली बसला. मग चावी फिरवून मशीन बंद केलं.

"मार दूँ?" त्यानं विचारलं.

"तू मारेगा? उतर के?"

त्यानं त्यातल्या उतरण्यावर विचार केला.

"नहीं," तो म्हणाला. ठेकेदाराला फोन लावला, काम खालून वर करत आणतो म्हणून सांगितलं, आणि मशीन वळवून नाल्याच्या खालच्या टोकाला घेऊन गेला. इकडे यायला त्याला आठवडा लागणार होता. माझे अर्ज तोपर्यंत आवकमध्येच होते.

तो आठवडा अक्कानं कसा काढला ते मी रोज पाहिलं. सकाळी आठला ती काठावर, छत्री घेऊन, दोन बांबू अंतरावर. रोज साडेचारला उठायच्या आधी ती एक काम करी. केळीला टेकू द्यायच्या लांब बांबूच्या टोकाला तिनं चहाची गाळणी बांधली होती. गाळणीत चुलीची चाळलेली राख. थोडी पुढे सरकून, बांबू लांब धरून ती बिळापुढच्या मातीवर राख भुरभुरवी, पीठ पसरावं इतकी एकसारखी. सकाळी आली की आधी राख वाचायची. उंदराच्या पावलांचे बारीक टाके. मुंगसाची पावलं, अर्ध्यावर आलेली आणि विचार करून परत गेलेली. एकदा एका बेडकाची उडी, येतानाची, जातानाची नव्हती. तेहतीस वर्षं मी पुराव्याचं महत्त्व शिकवलं, पण एका बेडकाचा इतका पूर्ण इतिहास माझ्या हाती कधी लागला नव्हता.

घोणस हलली नाही. आणि खालून मशीनचा आवाज रोज जवळ येत होता.

चौथ्या दिवशी मला राहवेना.

"अक्का, बांबू लांब आहे. आकडा बांधू आणि ओढून घेऊ. ती आंधळीच आहे."

तिनं बांबू उचलला. हातात धरून बराच वेळ त्या लाल कडेकडे पाहिलं. तो तुकडा तिच्याइतका कुणाला हवा नव्हता, आणि तो तिच्यापासून दोन बांबूंवर होता. मग तिनं बांबू खाली ठेवला.

"लागलं तिले, तं बिळात शिरीन."

"शिरू दे की. तुकडा तर मिळेल."

"आन् मंग? मशीनवाल्याले दिसनार नाई. दिसली नाई तं तो उतरीन, मूळ तोडाले." छत्री सावरून ती परत बसली. "तो मानूस पोरंबाळंवाला हाये. अकरा वर्सं थांबली मी. हिचे दोन दिवस थांबीन."

"आणि मशीन आधी आलं तर?"

"तं गेलं."

एवढंच म्हणाली. पण त्या दुपारी ती केळीशी बोलली नाही, काट्यांशी बोलली नाही, आणि मला पुन्हा सुभ्याची प्रशासनव्यवस्था सुरू करावी लागली.

सहाव्या दिवशी मशीन एका वळणावर येऊन ठेपलं. संध्याकाळी जेसीबीवाला काठावर आला आणि टोपी काढून म्हणाला, "अम्माजी, कल दस बजे तो आना पड़ेगा. सेठ चिल्ला रहा है."

"आ जा," अक्का म्हणाली. "पन उतरू नको."

सातव्या दिवशी राखेत बोटभर नव्हे, मनगटाएवढा रुंद माग उमटला होता. बिळापासून निघून, तुकड्याच्या कडेनं, केळीच्या बाजूला गेलेला. परतीचा माग नव्हता. करंजाच्या मुळाला एक लांब, पारदर्शक कात अडकून वाऱ्यावर हलत होती.

मी म्हणाले, "गेली!"

"एक गेली," अक्का म्हणाली.

आठ वाजले होते, मशीन दहाला येणार होतं, आणि या बाईनं माझ्या पर्समधला आरसा मागितला. तो बांबूला बांधला, उन्हात धरला आणि सूर्याचा कवडसा बिळात सोडला. डावीकडून, उजवीकडून, छतापासून तळापर्यंत. मग काठी आपटून वाट पाहिली. मग पुन्हा आरसा. साडेनऊला तिची खात्री झाली. तरीही हात घातला नाहीच. बांबूच्या टोकाला विळा बांधला, तुकड्याच्या मागे टेकवला आणि इंच इंच ओढत तो मोकळ्या वाळूवर आणला. काठीनं उलटला. वर, खाली, परत वर. आणि मग वाकून दोन्ही हातांनी उचलला.

जेसीबीवाला आला होता. केबिनमध्ये उभा राहून पाहत होता.

"अम्माजी, सात दिन इसके लिए? क्या है इसमें?"

"पेंदा है."

"किसका?"

"मटके का."

त्यानं वाकून तुकड्याकडे पाहिलं. अक्का आणखी काही सांगेल असं त्याला वाटलं असावं. मग त्यानं मशीन सुरू केलं. बारा वाजेपर्यंत ते वळण सरळ झालं.

मोटारीच्या खोलीत अक्कानं बूड धुतलं. चिखल निघाल्यावर मधोमध एक भोक दिसलं, करंगळी जाईल एवढं, गोल, मुद्दाम केलेलं. तिनं त्याकडे लक्ष दिलं नाही. कडांना गोंद लावला, माठ उलटा धरला आणि तुकडा बसवला. बसताना कट्‌ असा बारीक आवाज झाला. एक रात्र वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो उचलला, सरळ केला आणि जमिनीवर ठेवला.

हात काढायला ती तयार होईना. मग काढले. माठ उभा राहिला. तिनं एका बोटानं त्याच्या खांद्याला हलकेच ढकललं. डुगडुगला नाही.

"उभं राह्यलं व," ती म्हणाली. मग ती पदरानं माठाचे काळे पट्टे पुसत बसली. मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

मग मी भोकाकडे वळले. मला आनंद झाला होता आणि अशा वेळी मी व्याख्यान देते. मधोमध भोक म्हणजे पाणी थेंब थेंब पडणारं, म्हणजे अभिषेकपात्र, म्हणजे मंदिर, म्हणजे नाल्यावर कधीकाळी एखादं देवस्थान असणार. इमारत कुठे आहे असं विचारणाऱ्यांना आता उत्तर देता येणार होतं. चौथ्या अर्जाचं पहिलं वाक्य मनात तयार झालं होतं. अक्कानं तोवर माठ आडवा घेऊन भोकात बोट घातलं होतं आणि आतली कड चाचपत होती.

"दोरीचे घासे हायेत अठी," ती म्हणाली. मग हसायलाच लागली. "अवं माय, हे तं डुकराचं हाये!"

तिच्या सासऱ्यांकडे तेलाचा रिकामा डबा होता, म्हणाली. बुडाला भोक, भोकातून सुतळी, आतून गाठ. डुकरं आली की शेतातल्या माळ्यावर, मचाणावर बसून ओल्या हातानं सुतळी ओढायची. डबा बिबट्यासारखा गुरगुरतो. डबे नव्हते तेव्हा लोक कशाचं करत असतील? तिनं माठावर थाप मारली. मी बोट घालून पाहिलं. भोकाच्या कडेवर खरोखरच बारीक खाचा होत्या, दोरी एकाच दिशेनं पुष्कळदा ओढली जावी तशा. माठ कुठल्या काळातला ते मला सांगता येत नाही. राजवाड्यातला नसावा एवढं सांगता येतं.

त्या दिवशी मी त्या न दिसलेल्या माणसाचा विचार करत राहिले. याच नाल्याच्या काठी, माळ्यावर, ओल्या हातात दोरी धरून बसलेला. मी शिकवलेल्या सगळ्या सुभेदारांपेक्षा तो मला ओळखीचा वाटला. माठ कुणी रागानं फोडला की हातातून पडला, कोण जाणे. पण आपल्या भीतीसाठी त्यानं इतकं नीट भांडं घडवलं, त्याला भोक पाडलं आणि वर नागमोडी रेघही काढली. भिणाऱ्या माणसाला रेघ काढायला वेळ असतो, हे मला अक्काकडे पाहूनच पटलं.

संध्याकाळी सहाला केळीच्या कडेला डुकरं आली. अक्कानं सुतळी ओवली होती. माठ जुना, म्हणून जोर लावायचा नाही असं ठरलं. मोटारीच्या खोलीच्या दारात ती बसली, माठ मांडीत घेतला, हात पाण्यात बुडवला आणि ओढलं. म्हशीला ठसका लागावा तसा आवाज आला. तिनं पुन्हा ओढलं, थोडं लांब.

"तवा तोंडाले कातडं असीन," ती मला हळूच म्हणाली आणि तिसऱ्यांदा ओढलं.

पाच डुकरं होती. त्यांतल्या एकानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि केळीचा कंद उकरणं पुढे चालू ठेवलं.